सातवी विक्री

व्होरूच्या विर्वे कूस्कमा यांचं पत्र
सोमवारी टेबलावर आलं, खरंखुरं, कागदाचं.
पाकिटाला मेणाचा वास.
त्या मधमाश्या पाळतात, आणि मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी
जाळीचे टोप, धुराचे डबे, हातमोजे, गमबूट
स्वतः वापरून बघतात आणि मग लिहितात.
लेखाच्या तळाशी दुवा. दुव्यावरून कोणी बूट घेतले
की दुकान आम्हाला देतं, आम्ही त्यांना देतो,
मधल्या मध्ये बोटाला चिकटेल ते आमचं.
दलालीच ही. आम्ही नेटवर्क म्हणतो.

पत्रात लिहिलं होतं:
नोव्हेंबरात माझ्या दुव्यावरून बूट घेतले तिघांनी,
पोस्टमन काइदो, शाळेतली लेह्टे, माझी बहीण हेल्यू.
तुमच्या यादीत दोनच.
काइदो आणि लेह्टेनं पावत्या दाखवल्या.
हेल्यू म्हणाली, पावती कशाला ठेवू, सांगते ना घेतले.
मशीन कशाला खोटं बोलेल?
तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.
एकदा तपासाल का?

मी तपासनीस. तार्तूत, नदीकाठी, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम दुसऱ्यांच्या चोऱ्या धरणं:
कोण खोटे क्लिक पेरतो,
कोण गिऱ्हाईक पैसे भरायला आलं की ऐनवेळी
ब्राउझरात शिरून आपली चिठ्ठी डकवतो.
वारूळ मुंग्यांचं, आत नागोबा.
असे नागोबा मी वर्षाला चाळीसेक धरतो.
आपल्याच घरात शोध, असं मला
कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री साडेअकराला सापडली.
एवढीशी ओळ, नीट समास सोडून लिहिलेली:
दर सातवी विक्री मोजू नये.
ओळीला नावही दिलेलं, 'गोलाई'.
काटा मारणारा वाणी
निदान स्वतःचा अंगठा तरी वापरतो.
अंगठ्याला घाम येतो.

राइगोनं कॉफी संपवली, मग म्हणाला,
पलीकडच्या काठावरचे पाचवी गाळतात,
आणि वर नऊ टक्क्यांची पाटी लावतात.
आपण आठ देतो, सातवी गाळतो.
सांग, कोण प्रामाणिक?
मी हिशेब केला. करायला नको होता.
त्यांचे नऊ, पाचवी गाळून, सात पूर्णांक दोन.
आमचे आठ, सातवी गाळून,
सातसुद्धा भरत नव्हते.
चोरीतही आम्ही मागे.
राइगोनं कागद घेतला, बराच वेळ पाहिला
आणि म्हणाला, मग आठवी करू या.
सुधारणा आहे ही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

गाळलेल्या विक्र्या कुठेतरी जातातच.
एका वेगळ्या तक्त्यात सगळ्या सापडल्या, रांगेनं,
शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारख्या.
एकोणीस नोव्हेंबर, रात्री नऊ चाळीस.
गमबूट, हिरवे, अडतीस नंबर. व्होरू.
हे. कूस्कमा.

मी विर्वेबाईंना एवढंच लिहिलं:
बहिणीनं घेतले होते. मशीन खोटं बोललं.
कोणी बोलायला लावलं ते लिहिलं नाही.
तीन युरो चाळीस सेंट
चुकीची दुरुस्ती म्हणून पाठवले.

स्पर्धा आयोगाचा अर्ज खणात आहे, अर्धा भरलेला.
तारीख, कंपनी, ओळीची नक्कल, सगळं आहे.
'तक्रारदाराचं नाव' या रकान्यापाशी
पेन दोनदा सुकलं.

फेब्रुवारीत मधाची बाटली आली.
चिठ्ठीवर दोन हस्ताक्षरं, एक ठसठशीत, एक तिरकं.
लेबलावर: पाचशे ग्रॅम.
सवयीनं काट्यावर ठेवली, आकडा लिहून ठेवला.
एप्रिलात मध संपला, बाटली धुतली,
पुन्हा तोलली, वजा केलं.

पाचशे बारा.

खण उघडाच होता.